दादा, तुमचा शेवटचा रविवार कोणता?

"मुलांना लळा लागतो, आणि मग आपणच निघून जातो. त्यापेक्षा बालगृहात जाऊच नये का?" हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. विचारणारे बहुतेक विशीतले असतात. कुणी समाजकार्य शिकतंय, कुणी एनएसएसमधून पहिल्यांदा गेलंय, कुणी आपणहून शिकवायला जातंय. सोलापुरात हा प्रश्न जास्तच बोचतो, कारण इथलं शिकलेलं पोरगं आज ना उद्या पुण्याला जाणार हे घरोघरी धरलेलंच असतं.

ज्या तरुणाबद्दल लिहिते आहे, त्याला त्याची आई घेऊन आली होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि हे लिहायला त्याची संमती आहे.) घर पूर्व भागात. वडील टॉवेलच्या कारखान्यात, आई विड्या वळते. घरात तेलुगू, बाहेर मराठी. डिप्लोमा झाल्यावर मुलाला चाकणला नोकरी लागली आणि त्याचं जेवणच तुटलं. "पेढे वाटायच्या टायमाला ह्यो तोंड पाडून बसायलाय ओ मॅडम," आई म्हणाली. "कुणाची नजर लागली काय की."

आईला बाहेर बसवून त्याच्याशी बोलले. तो दीडेक वर्ष शहरातल्या एका बालगृहात दर रविवारी गणित शिकवायला जात होता. मुलं त्याला दादा म्हणत, इथेही मी तेच म्हणते. नोकरीचं पत्र आलं आणि दादाने जाणं बंद केलं. एक रविवार टाळला, मग दुसरा. अधीक्षकांचे फोनही उचलेना. कारण विचारल्यावर त्याने त्या आधीच्या रविवारचा प्रसंग सांगितला.

त्या दिवशी तो सगळ्यांसाठी रंगपेट्या घेऊन गेला होता. जाणार असल्याचं कुणालाच सांगितलं नव्हतं. अपूर्णांकांची गणितं चालू असताना पाचवीतल्या एका मुलीने मान वर न करताच विचारलं, "दादा, तुमचा शेवटचा रविवार कोणता?" तो गडबडला. "कोण म्हणालं मी जाणार?" तर ती म्हणाली, "जाणारी माणसं आधी काहीतरी वाटतात."

"मॅडम, तिने मला पकडलं," दादा म्हणाला. "मुलांना आधीच कुणी नाही. त्यात मी पण पळायलोय."

मी त्याला विचारलं, हे बोलताना तिचा चेहरा कसा होता? त्याने बराच विचार केला. रागावलेली नव्हती, रडवेलीही नव्हती. वहीचं मागचं पान उघडून, हातात पेन धरून बसली होती. त्या पानावर काय होतं? त्याने ते पाहिलं होतं, पण डोक्यात घेतलं नव्हतं. दोन-तीन नावं होती. एका ताईचं नाव, पुढे तारीख. एका सरांचं नाव, पुढे तारीख.

म्हणजे ती तारीख मागत होती. त्याने तो आरोप समजला.

इथे थोडं विषयाला धरून सांगायला हवं. १९५०च्या दशकापर्यंत लंडनच्या रुग्णालयांत लहान मुलांना भेटायला आईवडिलांना फार क्वचित सोडत. कारण दिलं जाई ते असं, की आई भेटून गेली की मूल रडतं, एरवी शांत असतं. लहान मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी यांनी अशा मुलांचं बारकाईने निरीक्षण केलं. मूल आधी आक्रोश करतं, मग खचतं, आणि त्यानंतर अलिप्त होतं. हे शेवटचं अलिप्तपण पाहून सगळे म्हणत, रुळलं बुवा. प्रत्यक्षात मुलाने वाट पाहणं सोडून दिलेलं असायचं. पुढे रुग्णालयांचे नियम बदलले, त्यात या कामाचा मोठा वाटा आहे.

बालगृहात याची उलट बाजूही दिसते. नवा माणूस दारात आला की काही लहान मुलं धावत येऊन कमरेला मिठी मारतात, मांडीवर चढतात. पाहुण्यांना वाटतं, किती पटकन जीव लावला! ज्या मुलाला सांभाळणारे हात पुन्हा पुन्हा बदलले आहेत, ते कुठल्याही हाताला बिलगायला शिकतं. तिथे आपल्यावर मोठी जबाबदारी येते. अशा मुलाला आपली उत्कट माया एका दुपारपुरती देण्यापेक्षा, ठरल्या वेळी येणं आणि ठरल्या वेळी जाणं याचा उपयोग जास्त.

दादाला हे पटत होतं, पण पोटात उतरत नव्हतं. "न सांगता गेलो तर ती विसरतील. सांगितलं तर रडतील," हेच तो धरून बसला होता. तुझ्याबाबतीत कधी असं झालं होतं का, असं विचारल्यावर तो वडिलांबद्दल बोलला. तो लहान असताना सोलापुरात काम मिळेना म्हणून वडील यंत्रमागावर भिवंडीला गेले होते. पोरगं रडेल म्हणून रात्री तो झोपल्यावर निघाले. सकाळी उठला तर वडील नाहीत. त्यानंतर कितीतरी दिवस तो रात्री जागा राहायचा, आई पण जाईल म्हणून.

मी यावर काही बोलले नाही. त्यालाच ते ऐकू आलं होतं.

बालवाडीच्या दारात मूल खेळण्यात गुंतलं की हळूच सटकणाऱ्या आया, नातवाला झोपवून गावी परतणारे आजोबा, यांनाही मी हेच सांगते. निरोप घेताना मूल रडलं तर रडू द्यावं. त्या रडण्याला कारण असतं आणि ते मुलाला कळलेलं असतं. जाग आल्यावर माणूस नाहीसं झालेलं असलं, तर त्याला कारण सापडत नाही, आणि मग ते कारण मूल स्वतःतच शोधतं.

मग आम्ही पुढचं ठरवलं. आधी अधीक्षकांना भेटायचं, दोन रविवार न आल्याबद्दल आणि फोन न उचलल्याबद्दल सरळ बोलायचं. मुलांना एकदमच सगळ्यांसमोर सांगायचं: कुठे जाणार, का जाणार, अजून किती रविवार येणार. फळ्यावर तारखा लिहायच्या आणि दर वेळी एक खोडायची. फोन करीन, सुट्टीत येईन, अशी आश्वासनं नाहीत. जे नक्की जमेल तेवढंच. महिन्याला एक पत्र, तेही सगळ्यांच्या नावाने, अधीक्षकांमार्फत. जमलं तर गणिताला दुसरं कुणी शोधून, शेवटच्या दोन रविवारी त्याला सोबत न्यायचं.

शेवटचा रविवार जानेवारीत येत होता. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, जत्रेला मुलांना नेऊन तिथेच निरोप घ्यावा, असं त्याच्या मनात होतं. पाळणे, भेळ, मजा. मुलांनीच ते मोडीत काढलं. गड्ड्यावर कुणाला बोलता येतं? वर्गातच हवं.

सगळ्यांनी शहाण्यासारखं ऐकून घेतलं असं मुळीच नाही. सातवीतल्या एका मुलाने रंगपेटी परत आणून टेबलावर ठेवली आणि दोन रविवार वर्गात आलाच नाही. दादा त्याच्या मागे गेला नाही, फक्त जाताना खोलीच्या दारातून "पुढच्या रविवारी आहे मी" असं सांगत राहिला. तिसऱ्या रविवारी तो मुलगा येऊन मागे बसला. दुसऱ्या एकाने विचारलं, "पगार किती?" त्या मुलीने तारीख लिहून घेतली. दादाने या वेळी तिला विचारलं, हे कशाला लिहितेस? ती म्हणाली, "मग त्या दिवसानंतर मी फाटकाकडे बघत नाही."

हे मला सांगताना तो खूप रडला. त्या रात्री नीट जेवला, असं आईचा फोन आल्यावर कळलं.

बालगृहात जाऊ इच्छिणाऱ्यांना थोडं आणखी. तिथली सगळी मुलं अनाथ नसतात. अनेकांची आई किंवा वडील हयात असतात, पण आजार, व्यसन, गरिबी किंवा घरातली हिंसा यामुळे बालकल्याण समितीने मुलांना तिथे ठेवलेलं असतं. म्हणून "आईबाबा कुठे आहेत?" हा प्रश्न विचारू नका. फोटो काढून स्टेटसला लावू नका. २०१५च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे, त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. वाढदिवसाचा केक तिथे जाऊन कापणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, हे मला माहीत आहे. तरी मला ते आवडत नाही. दर आठवड्याला कुणा अनोळखी माणसाच्या वाढदिवसाला टाळ्या वाजवायच्या, हे त्या मुलांच्या वाट्याला का यावं? त्यापेक्षा आठ रविवार इंग्रजी शिकवा. आठच जमणार असतील तर पहिल्या दिवशी आठ सांगा. मुलांना आठ समजतात.

आणि जे न सांगता निघून आले आहेत, कदाचित वर्षभरापूर्वी, आणि आता तोंड दाखवायला लाजतात, त्यांच्यासाठी. अधीक्षकांना फोन करा. मूल अजून तिथे आहे का, पत्र पाठवलं तर चालेल का, हे विचारा. पत्रात खूप माफी मागत बसू नका, नाहीतर तुमची समजूत काढायचं कामही त्या मुलावर पडेल. मी इथे होतो, अमुक तारखेपर्यंत आलो, नोकरीसाठी गेलो, तुझं काही चुकलं नव्हतं, एवढं लिहा. तारीख आठवत नसेल तर अधीक्षकांकडच्या नोंदवहीतून मागून घ्या.