नाव न छापण्याच्या अटीवर : मूत्रपिंड आणि लघवीविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात आम्ही मूत्रपिंडाच्या विकारांविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन केले होते. आलेल्या बहुतेक पत्रांच्या शेवटी एकच विनंती होती, ती म्हणजे नाव छापू नये. ती अर्थातच पाळली आहे. मात्र हृदयविकार किंवा गुडघेदुखी यांविषयी लिहिताना ज्यांना नाव लपवावेसे वाटत नाही, त्यांनाच लघवीविषयी लिहिताना ते लपवावेसे वाटते. हाच संकोच दवाखान्याच्या दारापर्यंत सोबत येतो आणि अनेकदा तिथूनच माणसाला परत फिरवतो. म्हणून ज्यांनी संकोच बाजूला सारून मोकळेपणाने लिहिले, त्यांचे मी प्रथम आभार मानतो.

बोरिवलीच्या एक वाचक (वय 34) लिहितात : मी सकाळी साडेसातला घर सोडते आणि चर्चगेटला नोकरीला जाते. कामानिमित्त दिवसभर बाहेर फिरावे लागते. स्वच्छ स्वच्छतागृह मिळत नाही म्हणून दुपारपर्यंत पाणीच पीत नाही. या वर्षात तीन वेळा उन्हाळी लागली. प्रत्येक वेळी औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून घेतल्या. यामुळे किडनी खराब होईल का?

केवळ लघवी रोखल्याने निरोगी मूत्रपिंड निकामी होत नाही, ही भीती प्रथम मनातून काढून टाका. मात्र तुमच्या दिनक्रमात संसर्गाला आमंत्रण देणाऱ्या दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. स्त्रियांची मूत्रनलिका जेमतेम 4 सेंटिमीटर लांबीची असते, पुरुषांची सुमारे 20 सेंटिमीटर. त्यामुळे आतड्यातले ई. कोलाय हे जिवाणू स्त्रियांच्या मूत्राशयापर्यंत सहज पोहोचतात. एरवी लघवीच्या प्रवाहाबरोबर ते वाहून जातात, पण पाणीही कमी आणि लघवीही सहा-सात तास तुंबलेली असली, की त्यांना वाढायला निवांत वेळ मिळतो. कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांनी रोज दीड लिटर पाणी अधिक प्यायल्यावर संसर्गाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आल्याचे अभ्यासात दिसले आहे. इतका परिणाम करणारे आणि इतके स्वस्त औषध दुसरे नाही.

ते पाणी प्यायचे केव्हा, हा तुमचा खरा प्रश्न आहे. उठल्याबरोबर दोन पेले पाणी प्या, म्हणजे घर सोडण्यापूर्वी लघवी होऊन जाईल. कार्यालयात पोहोचल्यावर आधी स्वच्छतागृहात जा आणि मग पुन्हा पाणी प्या. बाहेरच्या कामाला निघण्याआधी, लघवीची भावना नसली तरी, जाऊन या. संध्याकाळी घरी आल्यावर उरलेली भरपाई करा. शरीरसंबंधानंतर लघवी करून यावे, हेही संकोच न करता सांगतो, कारण अनेक स्त्रियांना ते कधी कोणी सांगितलेलेच नसते.

गोळ्यांबद्दल मात्र मला तुमची काळजी वाटते. वर्षातून तीन वेळा झालेला संसर्ग 'वारंवार होणारा' समजला जातो आणि त्याची तपासणी व्हायलाच हवी. अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी लघवीचे कल्चर करावे. त्यासाठी सुरुवातीची धार सोडून मधली लघवी निर्जंतुक डबीत घ्यावी आणि दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावी. कोणता जिवाणू आहे आणि तो कोणत्या औषधाला दाद देतो, हे त्यावरून कळते. दुकानातून आणलेल्या अर्धवट गोळ्यांनी लक्षणे दबतात, पण उरलेले जिवाणू अधिक चिवट होतात. लघवीची आम्लता कमी करणारे गोड सिरप जळजळ शमवते, जिवाणू मारत नाही. रक्तातील साखर आणि सोनोग्राफी या तपासण्याही करून घ्या. थंडी वाजून ताप आला आणि कुशीत दुखू लागले, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला असण्याची शक्यता असते. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. गर्भवती स्त्रीने तर साध्या जळजळीकडेही दुर्लक्ष करू नये.

या शहरातील लोकलमध्ये शौचालय नसते आणि रस्त्यावर स्त्रियांसाठी मुतारी शोधावी लागते, हा दोष तुमचा नाही. स्त्रियांना मोफत, स्वच्छ आणि सुरक्षित मुताऱ्या मिळाव्यात म्हणून मुंबईतल्या कार्यकर्त्या 'राइट टू पी' या नावाने मोहीम चालवत आल्या आहेत. त्या मागणीला वैद्यकीय आधार आहे, असे मी डॉक्टर म्हणून निःसंकोच लिहितो.

लालबागचे एक वाचक (वय 52) विचारतात : मला 11 वर्षे मधुमेह आहे. क्रिएटिनीन 1.1 आले, अहवालात ते 'नॉर्मल' आहे. पण अलीकडे लघवीला फेस येतो. गुडघे दुखतात म्हणून अधूनमधून वेदनाशामक गोळी घेतो. आणखी तपासणी हवी का?

हवी, आणि ती या आठवड्यातच करा. क्रिएटिनीन हा स्नायूंच्या कामकाजातून तयार होणारा टाकाऊ पदार्थ आहे. मूत्रपिंडे तो गाळून बाहेर टाकतात, म्हणून त्यांचे काम मंदावले की रक्तातला हा आकडा वाढतो. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे 10 लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात, त्यातले जवळजवळ सगळे परत शोषून घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. ही यंत्रणा इतकी उदार आहे, की निम्म्या गाळण्या बंद पडल्या तरी उरलेल्या जादा काम उचलतात आणि क्रिएटिनीन बराच काळ 'नॉर्मल'च दिसते. शिवाय एकाच आकड्याचा अर्थ माणसागणिक बदलतो. 25 वर्षांच्या तरुणाचे क्रिएटिनीन 1.1 असेल, तर वय आणि लिंग लक्षात घेऊन काढलेला गाळणीचा वेग, म्हणजे ईजीएफआर, 95 च्या आसपास येतो. तोच 1.1 आकडा 70 वर्षांच्या स्त्रीच्या अहवालात असेल, तर हा वेग 54 च्या आसपास भरतो, आणि 60 च्या खाली तीन महिने राहिलेला वेग हा मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार मानला जातो. तुमच्या वयाला 1.1 वरून येणारा वेग 80 च्या आसपास आहे, म्हणजे गाळण्याचे काम सध्या ठीक चालले आहे.

मात्र मधुमेहात गाळणीचा वेग घटण्यापूर्वीच गाळणीची जाळी सैल होते आणि अल्ब्युमिन नावाचे प्रथिन लघवीत झिरपू लागते. ते मोजण्यासाठी सकाळच्या पहिल्या लघवीची अल्ब्युमिन-क्रिएटिनीन गुणोत्तर ही तपासणी करतात. हे गुणोत्तर 30 च्या खाली असावे. नेहमीच्या लघवी तपासणीत थोडे अल्ब्युमिन निसटून जाते आणि 'संपूर्ण शरीर तपासणी'च्या अनेक पॅकेजांत ही चाचणी नसतेच, म्हणून ती नाव घेऊन मागावी लागते. ताप, संसर्ग किंवा जोराचा व्यायाम यांनीही हा आकडा वाढतो, त्यामुळे तो जास्त आला तर तीन महिन्यांच्या आत पुन्हा तपासून खात्री करतात. प्रौढ वयातल्या मधुमेहात ही चाचणी निदान झाल्या दिवसापासून दरवर्षी व्हायला हवी, तेव्हा तुमच्या अकरा वर्षांतल्या किती वर्षी ती झाली हे जुने कागद काढून पाहा. फेस मात्र दर वेळी प्रथिनांचाच असतो असे नाही. जोराची धार किंवा भांड्यात राहिलेला साबण यांनीही फेस येतो. तो टिकून राहत असेल आणि रोज दिसत असेल, तर मात्र तपासणी टाळू नये.

अल्ब्युमिन सापडले तर घाबरू नका. आजार रोखण्याची सर्वांत चांगली संधी याच टप्प्यावर असते. रक्तदाब 130/80 च्या खाली ठेवणे, साखर ताब्यात ठेवणे, दिवसाचे मीठ 5 ग्रॅमच्या आत आणणे, हा पाया. त्यावर टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलच्या गटातील औषधे गाळणीतला दाब कमी करतात, आणि डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातील मधुमेहाची औषधे मूत्रपिंडाची घसरण मंदावतात. पहिल्या गटातली गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनीन थोडे वाढू शकते. 30 टक्क्यांपर्यंतची वाढ बहुधा अपेक्षितच असते, तरी ती डॉक्टरांना दाखवावी. 'गोळीने किडनी बिघडवली' असे समजून ती परस्पर बंद करणारे रुग्ण मी पाहिले आहेत आणि त्यांतले काही पुढे डायलिसिसच्या खोलीतच पुन्हा भेटले, याचे मला आजही वाईट वाटते.

गुडघ्यांसाठीची गोळी कोणती आहे, ते पाकिटावर वाचा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करतात. मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या आणि उलट्या-जुलाबांनी आटलेले शरीर, अशा स्थितीत त्यांची दोन-तीन दिवसांची मात्राही महागात पडू शकते. दुखणे असह्य असेल तेव्हा डॉक्टरांना विचारून, ठरलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल घेणे तुलनेने सुरक्षित आहे.

घाटकोपरचे वाचक (वय 28) : मूत्रवाहिनीत (मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीत) 5 मिलिमीटरचा मुतखडा आहे. आई म्हणते दूध आणि टोमॅटो बंद कर आणि कुळथाचा काढा पी, मित्र म्हणतात बिअर पी.

दूध बंद करू नका. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात हे खरे, पण अन्नातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते. ते कमी केले तर ऑक्झलेट रक्तात अधिक शोषले जाते आणि पुढे लघवीत उतरते. कमी करायचे ते मीठ, कारण मीठ जास्त झाले की लघवीतून कॅल्शियम जास्त जाते. टोमॅटोत ऑक्झलेट थोडेच असते, पालकात मात्र भरपूर. बिअरने लघवी होते खरी, पण ती यूरिक ॲसिड वाढवते आणि शरीरातले पाणी घटवते. कुळथाचे पिठले आईच्या हातचे जरूर खा, उपचार म्हणून मात्र त्यावर विसंबू नका. मुंबईच्या दमट हवेत घामावाटे बरेच पाणी जाते, म्हणून प्यायलेले पाणी मोजण्याऐवजी दिवसाला अडीच लिटर लघवी होते की नाही, ते पाहा. लिंबूपाणी चांगले, फक्त त्यात मीठ टाकू नका.

5 मिलिमीटरचा खडा बहुधा काही आठवड्यांत आपोआप पडतो. लघवी चहाच्या जुन्या गाळणीतून करा, खडा सापडला तर तपासायला द्या. यातला एक धोका फार थोड्यांना ठाऊक असतो. कळ थांबली म्हणजे खडा पडला, असे नाही. अडकलेला खडा कळ न देताही लघवीची वाट अडवून बसू शकतो आणि मूत्रपिंड हळूहळू निकामी करतो. म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा सोनोग्राफी पुन्हा करून घ्याच. ताप आला किंवा लघवी होईनाशी झाली, तर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

गिरगावच्या एक वाचक (वय 41) लिहितात : माझ्या आईचे आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस सुरू आहे. भेटायला येणारे शहाळे आणतात. ते द्यावे का? आणि मी तिला किडनी देऊ शकते का?

शहाळे देऊ नका. रुग्णाला शहाळे नेणे ही आपल्याकडची मायेची रीत आहे आणि रुग्णालयांबाहेर शहाळेवालेही याच मायेवर उभे असतात. परंतु शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते आणि तुमच्या आईचे मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही. वाढलेले पोटॅशियम कसलीही पूर्वसूचना न देता हृदयाचे ठोके थांबवू शकते. फळांचे रस आणि केळी यांनाही हेच लागू. 'लो सोडियम' म्हणून विकले जाणारे मीठ तर मुळीच नको, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेले असते. तिखटमीठ लावून गाडीवर मिळणारे कमरखही तिने खाऊ नये. त्या फळातले द्रव्य अशा रुग्णांच्या मेंदूवर विषारी परिणाम करते. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळाव्यात आणि ते पाणी ओतून द्यावे. पाहुण्यांना काही आणायचेच असेल, तर मोगऱ्याचा गजरा आणायला सांगा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार मुलगी ही जवळची नातेवाईक ठरते. रक्तगट, ऊतींची जुळणी आणि तुमची स्वतःची प्रकृती यांची कसून तपासणी झाल्यावरच निर्णय होतो, आणि निरोगी दाता एका मूत्रपिंडावर सामान्य आयुष्य जगू शकतो. तुमच्या पत्रात दोन भावांचा उल्लेख आहे, पण त्यांच्या तपासणीविषयी एक शब्दही नाही. आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे आणि त्यामागे केवळ माया नसते, गृहीत धरणेही असते. भावांचीही तपासणी व्हावी, असा आग्रह तुम्ही धरा. त्याच वेळी, मरणोत्तर दानातून मूत्रपिंड मिळावे म्हणून रुग्णालयामार्फत मुंबईच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत आईचे नाव नोंदवून ठेवा.

विलेपार्ल्याचे एक वाचक : वडील 71 वर्षांचे आहेत. रात्री चार-पाच वेळा उठतात, धार बारीक झाली आहे, पण डॉक्टरांकडे यायला तयार नाहीत.

हे बहुधा वाढलेल्या प्रोस्टेटचे, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणाऱ्या ग्रंथीचे, लक्षण आहे. ही वाढ उतारवयात सर्रास आढळते, ती कर्करोग नव्हे आणि गोळ्यांनी बहुतेकांना आराम पडतो. मात्र मूत्राशय पूर्ण रिकामे होत नसेल, तर मागे साठणारी लघवी मूत्रपिंडावर ताण आणते. वडिलांना सर्दी-खोकल्याचे औषध परस्पर देऊ नका, त्यातल्या काही घटकांनी लघवी एकाएकी तुंबते. लघवीतून रक्त गेले, मग ते एकदाच जावो आणि न दुखता जावो, तर चालढकल नको. धूम्रपान केलेल्या व्यक्तीत तर मूत्राशयाच्या कर्करोगाची शक्यता तपासावीच लागते.

कुर्ल्याचे एक वाचक : दर पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून चालावे लागते. लेप्टोने किडनी जाते, हे खरे का?

जाऊ शकते, पण वेळीच उपचार झाले तर बहुधा पूर्ववतही होते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत या शहराने लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ पाहिली. उंदीर, कुत्रे आणि गुरे यांच्या लघवीतले जिवाणू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायाच्या भेगांतून किंवा जखमेतून शरीरात शिरतात. अशा पाण्यातून चालून आल्यावर पाय साबणाने धुवा आणि 72 तासांच्या आत महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळ्यांविषयी विचारा. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुलांसाठी औषध वेगळे असते, म्हणून शेजाऱ्याच्या गोळ्या घरात वाटू नयेत. त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले किंवा लघवी कमी झाली, तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि त्यांनी विचारण्यापूर्वीच सांगा की मी साचलेल्या पाण्यातून चाललो होतो.