एफडी मोडून वेबसाइट, की हंगामाची मिरची?

प्रश्न: मी कराडजवळच्या गावात राहते. गेली दोन वर्षं घरी कांदा-लसूण चटणी करून विकते. महिन्याला सरासरी ३५ किलो जाते, बहुतेक गिऱ्हाईक पुण्यातलं, ओळखीतून आलेलं. भाव ६४० रुपये किलो. हंगामात सगळा खर्च जाऊन किलोमागे २०० रुपये सुटतात. जूनपासून मिरची दुकानातून घ्यावी लागते, तेव्हा जेमतेम १४० सुटतात. गेल्या मे महिन्यात मिरची संपल्यामुळे २२ किलोच्या ऑर्डरी परत केल्या. एका डिजिटल एजन्सीने वेबसाइट, मोबाइल ॲप आणि सहा महिने सोशल मीडिया यासाठी १,६५,००० रुपये अधिक जीएसटी सांगितलाय. महिनाअखेरीपर्यंत सही केली तर वर्षभराची देखभाल मोफत देणार आहेत. मिस्टरांचा पगार ३४,००० आहे, नोकरी खासगी. घरखर्च २४,००० आहे. बँकेत ३ लाखांची एफडी आहे, ७ टक्क्यांची, तेवढीच शिल्लक. ती मोडू का, की माझ्या पाटल्या गहाण ठेवू? आता सगळं ऑनलाइन झालंय, दिसलो नाही तर धंदा संपेल अशी भीती वाटते.

उत्तर:

ताई, नमस्कार. आधी निर्णय सांगते. एफडी मोडू नका, पाटल्या गहाण ठेवू नका आणि महिनाअखेरीच्या मुदतीत सही करू नका. ऑनलाइन मात्र जरूर या, आणि या महिन्यातच या. त्याला पावणेदोन-दोन लाख लागत नाहीत.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वेबसाइटबद्दलचं नाहीच. मिरची संपली म्हणून तुम्ही २२ किलोच्या ऑर्डरी परत केल्या, ते आहे. म्हणजे गिऱ्हाईक तुमच्या दारात उभं होतं आणि तुमच्याकडे माल नव्हता. मागणीची अडचण असेल तर जाहिरातीवर खर्च करावा. तुमची अडचण मालाची आहे. भांडवल कमी म्हणून हंगामात पुरेशी मिरची भरता येत नाही आणि मग आठ महिने किरकोळ भावाने घ्यावी लागते. अशा वेळी वेबसाइटने आणखी शंभर माणसं आणली, तर त्यांनाही तुम्ही नाहीच म्हणणार.

याचा हिशेब मांडू. जून ते जानेवारी हे आठ महिने, महिन्याला ३५ किलो, म्हणजे २८० किलो. किलोमागे ६० रुपये कमी सुटतात, म्हणजे १६,८०० रुपये. त्यात परत केलेल्या २२ किलोंचे ४,४०० मिळवा. एका वर्षात २१,२०० रुपये नुसत्या हंगामी खरेदीअभावी गेले.

आता एजन्सीची बाजू. १,६५,००० वर १८ टक्के जीएसटी धरला की १,९४,७०० रुपये होतात. तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर हा कर वळता करून घेता येत नाही, तो पूर्ण तुमच्या खिशातून जातो. किलोमागे २०० रुपये सुटतात असं धरलं, तरी एवढे पैसे भरून निघायला ९७४ किलो चटणी विकावी लागेल. आजच्या खपाने हे जवळपास २८ महिन्यांचं काम झालं, आणि तेवढे दिवस तुमच्या हाताला एक रुपयाही लागणार नाही. शिवाय वेबसाइटवरून आलेल्या ऑर्डरीत २०० रुपये सुटत नाहीत. पेमेंट गेटवे, म्हणजे वेबसाइटवर गिऱ्हाइकाचे पैसे स्वीकारून तुम्हाला पोचवणारी सेवा, साधारण २ टक्के आणि त्यावर जीएसटी घेते, म्हणजे ६४० रुपयांमागे १५ रुपये. घरपोच मोफत म्हटलं तर कुरियरचे किलोला निदान ७० धरा. राहिले ११५. मग तो आकडा १,६९० किलोंच्या वर जातो. एजन्सीने तुम्हाला हा हिशेब दाखवला नसेल. तो दाखवणं त्यांचं कामही नाही, पण तुमच्या पैशाचा निर्णय त्यावरच व्हायला हवा.

एफडीकडे वळू. घरखर्च २४,००० असेल आणि पगार एकाच खासगी नोकरीतून येत असेल, तर सहा महिन्यांचे १,४४,००० रुपये हातही लावायचा नाही असे ठेवले पाहिजेत. उरतात १,५६,०००. एजन्सीचं बिल त्याहून ३८,७०० रुपयांनी जास्त आहे. म्हणजे हे पॅकेज घेणं हे घरच्या आजारपणासाठी आणि नोकरी गेल्यावरच्या दिवसांसाठी ठेवलेल्या पैशाला हात घालणं आहे. हेच माझ्या नकाराचं मुख्य कारण. मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक व्याज कापते, तो तोटा त्यामानाने लहान.

पाटल्यांचंही तसंच. सोनं तारण ठेवून घेतलेल्या पैशाने माल आला, तर माल विकून सोनं सुटतं. त्या पैशाचं ॲप आलं तर हप्ता घरखर्चातूनच भरायचा. आणि ॲपबद्दल माझं मत पक्कं आहे, ते तुम्हाला लागतच नाही. चटणी घर वर्षातून दोनदा-तीनदा घेतं. त्यासाठी कुणी फोनमध्ये वेगळं ॲप घालून ठेवत नाही.

मग पैसा कुठे घालायचा? मिरचीत. संक्रांत झाली आहे, ब्याडगी आणि गडहिंग्लजच्या बाजारात आवक आता वाढत जाईल. रंगाला ब्याडगी, तिखटपणाला संकेश्वरी किंवा लवंगी, हे मी तुम्हाला सांगायला नको. बँकेत जाऊन एफडीवर ओव्हरड्राफ्ट मागा, म्हणजे एफडी तारण ठेवून लागतील तसे पैसे उचलायची सोय. एफडीच्या रकमेच्या साधारण ९० टक्क्यांपर्यंत तो मिळतो, व्याज एफडीच्या दराहून एक-दोन टक्के जास्त, आणि तेही जेवढे वापराल तेवढ्यावर, तेवढ्याच दिवसांचं. एफडी चालूच राहते. मिरची, खोबरं, धणे मिळून ६०,००० रुपये उचला, जास्त नाही. साडेआठ टक्क्यांनी आठ महिने पूर्ण रक्कम वापरली तरी व्याज ३,४०० रुपये. समोर वाचणारे २१,२०० आहेत. माल विकला जाईल तसे पैसे खात्यात भरत गेलात तर व्याज आणखी कमी होईल. या ६०,००० नंतरही तुमचे सहा महिन्यांचे १,४४,००० शाबूत राहतात, हे मुद्दाम पाहिलं.

एक धोका आहे. पावसाळ्यात मिरची दमट झाली, बुरशी धरली की सगळंच जातं. कडक ऊन दाखवून, देठं काढून, हवाबंद डब्यांत भरायला जागा आहे का, हे खरेदीआधी बघा. जागा निम्म्याच मालाची असेल तर खरेदीही निम्मीच करा. डंकवाल्याशीही आत्ताच बोलून ठेवा. एप्रिल-मेमध्ये तिथे नंबर लागत नाही, आणि मिरची घरात असून कांडप न झाल्याने ऑर्डर जाणं फार जिवाला लागतं.

आता ऑनलाइन. तुमची भीती मी हसण्यावारी नेत नाही. पुण्यातली एखादी मुलगी सासूबाईंच्या हातची चटणी संपली की फोनवर शोधते, आणि तिथे तुमचं नाव यायला हवं. पण त्यासाठी लागणाऱ्या मुख्य गोष्टी फुकट आहेत.

गुगलवर व्यवसायाची नोंद करायला पैसे पडत नाहीत. तुमच्याकडून लोक घरी येऊन चटणी नेत असतील तर ती करता येते, आणि घरचा पत्ता लोकांना दिसू नये असं वाटलं तर लपवून फक्त परिसर दाखवता येतो. पडताळणी बहुधा फोनवरून व्हिडिओ काढून होते. ‘गुगलमधून बोलतोय, पडताळणीचे पैसे भरा’ असा फोन आला तर ठेवून द्या. जुन्या गिऱ्हाइकांना अभिप्राय लिहायला सांगा, त्यांच्या शब्दांत आणि मराठीत. त्या बदल्यात पैसे किंवा सूट देऊ नका, ते नियमात बसत नाही आणि वाचणाऱ्याला कळतंही.

व्हॉट्सॲप बिझनेसही फुकट आहे. त्यासाठी वेगळा नंबर घ्या, घरचा वापरू नका. त्यात पाव, अर्धा, एक किलो असा कॅटलॉग भरा. एकाच वेळी अनेकांना पाठवलेला निरोप फक्त ज्यांनी तुमचा नंबर जतन केलाय त्यांनाच पोचतो, म्हणून प्रत्येक पुडीबरोबर नंबर जतन करायची चिठ्ठी घाला. पैसे यूपीआयने घ्या, बँक खात्यातून आलेल्या यूपीआयवर तुम्हाला शुल्क लागत नाही. त्यासाठी धंद्याचं खातं वेगळं ठेवा, नाहीतर वर्षाअखेरीस किराणा कुठला आणि मिरची कुठली ते सापडत नाही.

इन्स्टाग्रामवर डंकाचा आवाज, उन्हातली लाल मिरची, परतलेला कांदा असं तुमच्याच फोनने टिपून टाका. एजन्सीने बनवलेल्या शुभेच्छांच्या चित्रांपेक्षा त्याला जास्त मोल आहे. यात पैसा नाही, पण रोजचा अर्धा तास जाईल. तो तुमच्या कांडप-पॅकिंगमधूनच जाणार, हेही धरून चला.

पैसे लागतील ते असे. एफएसएसएआय, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी तुम्ही पत्रात लिहिलेली नाही. ती नसेल तर सगळ्यात आधी ती करा, अनोळखी माणसाला खाण्याची वस्तू विकताना तो १४ अंकी क्रमांक पाकिटावर हवाच. लेबलावर घटक, निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना-वर्ष, करासह कमाल किंमत, तुमचा पत्ता आणि तक्रारीचा फोन हवा. लेबल छापण्याआधी ठरवलेलं नाव दुसऱ्याच्या ट्रेडमार्कमध्ये नाही ना, ते सरकारी संकेतस्थळावर फुकट तपासा. मसाले वर्ग ३० मध्ये येतात, आणि एका व्यक्तीला ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जाचं शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. हा अर्ज पुढच्या वर्षी केला तरी चालेल. चांगले फोटो आणि लेबलचं डिझाइन यांवर १२,००० पर्यंत खर्च करा, इथे काटकसर नको. नवा नंबर, संकेतस्थळाचं नाव (डोमेन), प्रयोगशाळेतली एक तपासणी आणि जाहिरातीची एक चाचणी धरून सगळं २५,००० च्या आत बसतं. हे पैसे एफडीतून नकोत. हंगामात महिन्याला तुमचे ७,००० सुटतात, त्यातून चार महिन्यांत निघतील.

संकेतस्थळाचं नाव आत्ताच घेऊन ठेवा, साइट नंतर झाली तरी हरकत नाही. वर्षाला हजाराच्या आसपास खर्च येतो. पण ते तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाइलवर नोंदलेलं हवं. हे मी पोळलेली असल्यामुळे सांगते. मी काम सुरू केलं तेव्हा माझ्या कार्यालयाचं संकेतस्थळ एकाकडून करून घेतलं होतं. नाव त्याने स्वतःच्या खात्यातून घेतलं. तीन वर्षांनी त्याने धंदा बंद केला, फोन उचलणं बंद केलं, आणि माझं नाव मला परत मिळालं नाही. छापलेली कार्डं, पत्रकं, लोकांच्या तोंडी बसलेलं नाव, सगळं गेलं. तुमच्या बाबतीत गुगल, इन्स्टाग्राम आणि संकेतस्थळ या तिन्हींचे पासवर्ड तुमच्याच वहीत असले पाहिजेत.

जाहिरातीची चाचणी अशी करा. मार्चमध्ये दहा दिवस, रोज ३०० रुपये, फक्त पुणे आणि पिंपरी-चिंचवड. आलेल्या प्रत्येकाला ‘कुठून कळलं?’ विचारून लिहून ठेवा. एक घर वर्षाला अडीच किलो घेतं असं धरलं तर त्या घरामागे तुम्हाला वर्षाला ५०० रुपये सुटतात. ३,००० रुपयांत पंधरा नवी घरं आली तर एका घराचे २०० पडले, जाहिरात चालू ठेवा. पाचच आली तर थांबा, फोटो-भाव बदला आणि पुन्हा करून पाहा.

वेबसाइट झाली की देशभर माल पाठवावासा वाटेल, त्यात कराचा एक मुद्दा लपलेला आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकताना वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. तुमची उलाढाल पावणेतीन लाखांच्या आत आहे. पण राज्याबाहेर एक किलो जरी विकलीत, बेळगावला, पणजीला किंवा बेंगळुरूला, तरी नोंदणी बंधनकारक होते, मग उलाढाल कितीही लहान असो. नोंदणी म्हणजे विवरणपत्रं आणि सीएची फी. म्हणून पहिलं वर्ष ऑर्डर राज्यातल्याच घ्या आणि कॅटलॉगमध्ये तसं स्पष्ट लिहा. मोठ्या ऑनलाइन बाजारांवर राज्यातल्या राज्यात विकायला ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना नोंदणीऐवजी फक्त नावनोंदणी क्रमांक पुरतो. पण त्यांचं कमिशन किलोच्या २०० मधूनच जाणार, तेव्हा तिकडे यंदा जाऊ नका.

खरी वेबसाइट कधी करायची? ओळखीबाहेरच्या लोकांकडून सलग तीन महिने ४० किलोंच्या वर ऑर्डर आल्या आणि व्हॉट्सॲपवर उत्तरं देताना तुमची पॅकिंग रखडू लागली, की तेव्हा. त्या वेळी ती सोय तुमचा वेळ वाचवेल आणि तिचे पैसे तिनेच मिळवलेले असतील. ॲपशिवाय, साधी चार पानांची.

एजन्सीला उत्तर देताना अवघडू नका, मुदतीचा दबावही घेऊ नका. एवढंच पाठवा: ‘तुमचं पॅकेज आत्ता माझ्या आवाक्यात नाही. मला फक्त लेबलचं डिझाइन आणि मालाचे दहा फोटो हवे आहेत, मूळ फाइलींसकट. त्याचा वेगळा भाव कळवा.’ १२,००० च्या आत आलं तर काम त्यांनाच द्या. नाहीतर कराडात लग्नाचे फोटो काढणारा कुणीही चांगला फोटोग्राफर मार्चच्या उन्हात, तुमच्याच अंगणात, वाळत घातलेल्या मिरचीचे फोटो काढून देईल.