टक्के आहेत, पण कितींपैकी?

प्रश्न : मुलीसाठी कॅप फेरीचे (केंद्रीभूत प्रवेशाचे) पर्याय भरायचे आहेत. एका शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात '९० टक्के प्लेसमेंट' छापलंय. पडताळायचं कसं?
– एक पालक, नांदेड

उत्तर : महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर 'एनआयआरएफ'ची, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था क्रमवारीची, पीडीएफ शोधा. या क्रमवारीत उतरणाऱ्या संस्थेला ती तिथे ठेवावी लागते. त्यात प्रत्येक तुकडीचा हिशेब असतो: पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेले, थेट दुसऱ्या वर्षाला आलेले, मुदतीत उत्तीर्ण, नोकरी लागलेले, त्यांचा मध्यक पगार आणि उच्च शिक्षणाला गेलेले.

समजा, पहिल्या वर्षाला १२० आणि थेट दुसऱ्या वर्षाला २४ मिळून १४४ जण आले. मुदतीत ९६ उत्तीर्ण झाले. ४८ जणांना नोकरी लागली. माहितीपत्रकात बरेचदा फक्त प्लेसमेंट सेलकडे नोंदणी केलेले, बॅकलॉग (राहिलेले विषय) नसलेले विद्यार्थी धरतात. ते ५३ असतील, तर ४८ भागिले ५३, म्हणजे सुमारे ९० टक्के. उत्तीर्णांपैकी हेच ५० टक्के होतात आणि प्रवेश घेतलेल्यांपैकी ३३. तुम्ही शेवटचा आकडा धरा, कारण प्रवेशाच्या दिवशी तुमची मुलगी १४४ जणांतली एक असेल. मध्यक पगारही त्या ४८ जणांपुरताच असतो: निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त. एका बड्या पॅकेजने सरासरी फुगते, मध्यक फुगत नाही, म्हणून तोच पाहा.

उलट बाजूही आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे यात कुठेच दिसत नाहीत, आणि स्वतःहून नोकरी मिळवलेल्यांनी कळवलं नाही तर तेही सुटतात. तेव्हा तुलना करायची ती सीईटीचा कटऑफ जवळपास असलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचीच.

प्रश्न : आमच्या २४० पदवीधरांना गुगल फॉर्म पाठवला. ६० उत्तरं आली, ४८ जण नोकरीत. अहवालात ८० टक्के लिहू का?
– एक प्राध्यापिका, शासकीय महाविद्यालय

उत्तर : नका लिहू. ज्याला नोकरी लागली तो फॉर्म उत्साहाने भरतो, घरी बसलेला टाळतो. उरलेल्या १८० जणांतून चिठ्ठ्या टाकून ४० निवडा आणि फोन करा. संध्याकाळी, रविवारी, निदान तीनदा. फोन न उचलणाऱ्याच्या जागी दुसरं नाव घेऊ नका, नाहीतर तीच चूक परत होते. या ४० पैकी १६ नोकरीत निघाले, तर १८० मध्ये अंदाजे ७२ धरा. ४८ आणि ७२ मिळून १२०, म्हणजे ५० टक्के. हा अंदाज आहे, हेही अहवालात लिहा.

नुसतं 'नोकरी आहे का?' विचारू नका. सरकारी श्रमबल सर्वेक्षणात आठवड्यात एक तास काम केलेलाही रोजगारात मोजला जातो. म्हणून गेल्या सात दिवसांतले तास, हातात येणारा पगार, नेमणूकपत्र आहे का आणि कामाला ही पदवी लागते का, हे चारही विचारा. नंबर बदलतात, तेव्हा टीसी देतानाच घरच्यांचा आणि एका मित्राचा नंबर, त्यांना विचारून, लिहून घ्या.