वडिलांना जुना हिपॅटायटिस बी आहे असं कळलं. यकृताच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर त्याचा काय परिणाम होतो?

तुम्ही लिहिलंय की वडील 61 वर्षांचे आहेत आणि यकृतातली 4 सेंमीची गाठ काढून सहा आठवडे झालेत. रिपोर्टमध्ये एचबीएसएजी (बी चा व्हायरस सध्या अंगात आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी) निगेटिव्ह, अँटी-एचबीसी (तो कधीतरी अंगात आला होता का ते दाखवणारी) पॉझिटिव्ह आहे. 1998 साली त्यांना मोठी कावीळ झाली होती, तीच आता नडणार का, गाठ परत येणार का, असं तुम्ही विचारलंय.

यकृताच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात मी 22 वर्षं सिस्टर होते. मी डॉक्टर नाही, औषधाचं तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण हा प्रश्न मी पेशंटच्या मुलामुलींकडून कितीदा तरी ऐकलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी त्या काविळीचं. आपल्याकडे सगळ्या काविळी एकाच नावाने ओळखतात. माळ घालायची, चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे, पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली म्हणायचं. अशी कावीळ बहुतेक वेळा हिपॅटायटिस ए किंवा ई ची असते, दूषित पाण्यातून येणारी. इचलकरंजीत 2012 साली मोठी साथ आली होती ती ई ची. बहुतेकांची ती आपोआप बरी होते आणि यकृतात मुक्काम ठोकत नाही. बी चं वेगळं. तो पुष्कळदा जन्माच्या वेळी आईकडून नाहीतर लहानपणीच येतो, आणि तेव्हा डोळे पिवळेसुद्धा होत नाहीत. म्हणून 1998 ची कावीळ कसली होती याचा शोध सोडून द्या. आईला किंवा स्वतःला दोषही देऊ नका, की तेव्हा नीट उपचार केले नाहीत.

अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह म्हणजे बी कधीतरी येऊन गेला. मात्र रक्तातून गेला तरी यकृताच्या पेशींच्या केंद्रकात त्याचा डीएनए थोडाफार टिकून राहतो, काही तुकडे तर आपल्या डीएनएत जाऊन बसलेले असतात. त्यामुळेच सिरोसिस (यकृत व्रणांनी कडक होणं) नसतानाही बी मुळे गाठ होऊ शकते.

आता गाठ परत येण्याचं. खोटा धीर देत नाही: ऑपरेशननंतर 5 वर्षांत निम्म्याहून जास्त लोकांत ती परत येते, काही गटांत 70 टक्क्यांपर्यंत. पण ती दोन तऱ्हांनी येते. पहिल्या 2 वर्षांत येते ती बहुतेक जुन्याच गाठीतून आधीच सुटलेल्या पेशींची. ती गाठ किती मोठी होती, किती गाठी होत्या, बारीक रक्तवाहिन्यांत शिरली होती का, यावर ठरते. 2 वर्षांनंतर येते ती बरेचदा नवीन गाठ, कारण उरलेलं यकृतच आजारी असतं. व्हायरसचा जोर मुख्यतः या दुसऱ्या तऱ्हेत दिसतो. ज्यांच्या रक्तात एचबीव्ही डीएनए, म्हणजे बी च्या व्हायरसचा डीएनए, भरपूर असतो त्यांना धोका जास्त, आणि एन्टेकॅविर किंवा टेनोफोविर ही व्हायरस दाबणारी गोळी चालू ठेवल्याने तो कमी होतो. नुसतं अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह असण्याने पुढचं आयुष्य घटतं का, यावर अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. त्या एका ओळीवरून वडिलांचं भविष्य वाचू नका.

साताऱ्याकडचे एक काका मला अजून आठवतात. त्यांचं एचबीएसएजी पॉझिटिव्ह होतं, ऑपरेशन छान झालं होतं, गोळी चालू होती. वर्षभराने त्यांनी ती स्वतःहून बंद केली. "गाठ तर काढली ना सिस्टर, आता गोळी कशाला?" काही महिन्यांत व्हायरस उसळला आणि ते पोटात पाणी होऊन परत आले. गाठ नव्हती, तरी यकृत साथ देईना. हे टाळता आलं असतं, म्हणून मला ते इतकं लागलं.

तुमच्या वडिलांचं एचबीएसएजी निगेटिव्ह आहे, म्हणून ती गोळी त्यांना लागेलच असं नाही. पण पुढच्या भेटीला एचबीव्ही डीएनए आणि अँटी-एचसीव्ही (हिपॅटायटिस सी ची रक्ततपासणी) झालंय का ते विचारा. सी निघाला तर गोळ्यांनी तो बहुतेकांत 12 आठवड्यांत पूर्ण जातो. सिरोसिस असेल तर मात्र तपासण्या त्यानंतरही सोडता येत नाहीत. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये सगळे गाठीचंच वाचतात; तुम्ही गाठीशेजारच्या यकृताबद्दल काय लिहिलंय ते विचारा, फायब्रोसिस (व्रणांचे धागे) किती, चरबी किती. तिथे सिरोसिस असेल, किंवा साखर आणि दारू असेल, तर त्यांची चिंता त्या जुन्या बी पेक्षा जास्त करायची. पहिली 2 वर्षं दर 3 ते 6 महिन्यांनी सीटी किंवा एमआरआय आणि एएफपी (यकृताच्या कॅन्सरसाठीची रक्ततपासणी), एकही तारीख चुकवू नका. पुढे कधी इम्युनोथेरपी, स्टिरॉइड किंवा रिटुक्सिमॅब (प्रतिकारशक्ती दाबणारं एक औषध) द्यायची वेळ आली तर त्या डॉक्टरांना हा अँटी-एचबीसीचा रिपोर्ट आधी दाखवा. झोपलेला बी अशा औषधांनी जागा होऊ शकतो.

आणि आत्या-काकांचीही रक्ततपासणी करून घ्या. वडिलांना तो आजीकडून आला असेल तर त्यांच्या भावंडांनाही असू शकतो, काही त्रास नसतानाही. बी आणि सी ची तपासणी आणि औषधं 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. तुमची स्वतःची लस झालेली नसेल तर तपासणी करून तीही घ्या, तीन डोस असतात, पहिला, महिन्याने दुसरा आणि सहाव्या महिन्यात तिसरा.