ऑपरेशनच्या आधी पेशंटला तेच तेच प्रश्न परत परत का विचारतात?

तुम्ही लिहिलंय की बाबांच्या हर्नियाच्या ऑपरेशनच्या दिवशी तीन जणांनी नाव विचारलं, कुठली बाजू तेही विचारलं, टेबलावर घेतल्यावर परत तेच, मग फाइल कशाला असते. मी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, सिस्टर आहे, चौदा वर्षं झाली, पेशंट वैतागतात ते रोजच बघते. वैतागू देत, पण विचारायचंच.

कारण चूक कधीकधी फाइलमध्येच असते हो. मी नवीन होते तेव्हा (हॉस्पिटल दुसरं, नाव नको) एका आजोबांचा ओटी लिस्टवर डावा हर्निया टाइप झालेला, केस पेपरवर उजवा, आणि सगळ्यांनी बघितलेली फक्त लिस्ट. आजोबांना विचारलं तर म्हणाले, "अगं पोरी, हा काय उजवीकडे, खोकलो की बाहेर येतो." भूल दिल्यावर ते काय सांगणार होते? आणि हर्निया बऱ्याचदा आडवं झोपलं की आत जातो, दिसतच नाही. म्हणून मार्करने खूण आधीच करून ठेवतात, पेशंट जागा असताना.

हे सगळं ज्या चेकलिस्टमधून, म्हणजे तपासायच्या मुद्द्यांच्या यादीतून येतं, ती डब्ल्यूएचओने (जागतिक आरोग्य संघटनेने) 2008 मध्ये काढली, एकूण 19 मुद्दे. भूल द्यायच्या आधी थांबायचं, चिरा द्यायच्या आधी थांबायचं, आणि पेशंट ओटीतून बाहेर जायच्या आधी. अ‍ॅलर्जी आहे का, अँटिबायोटिक गेल्या 60 मिनिटांत दिलं का, मॉप (रक्त टिपायचे कापडी तुकडे) आणि सुया मोजून बरोबर आल्या का, असलं साधंच. त्या कामाचं नेतृत्व अतुल गावंडे या सर्जनने केलं, अमेरिकेत वाढलेले पण वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटीचे. दिल्ली, मनिला, लंडन, टोरांटो, टांझानियातलं इफाकारा धरून आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत वापरून बघितली, 2009 ला आकडे छापून आले, मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आणि कॉम्प्लिकेशन 11 वरून 7 वर.

पण खरं सांगायचं तर कागदाने काही होत नाही. कॅनडात ओंटारिओमध्ये 101 हॉस्पिटलांना यादी लावली, 2014 ला निकाल आला तर म्हणावा असा फरकच नाही. मला नवल नाही वाटलं. केस संपल्यावर एका दमात सगळ्या टिका मारून सही ठोकणारे मी बघितलेत, एनएबीएचचं (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणारी संस्था) इन्स्पेक्शन असलं की मागच्या महिन्याचे फॉर्म भरत बसणारेही. तो चेकलिस्ट नाही, हजेरीपट आहे.

यादीत एक मुद्दा आहे ज्याला सगळे हसतात, चिरा द्यायच्या आधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. रोज एकत्र चहा पिणारी माणसं, नाव काय सांगायचं! पण एकदा तोंड उघडलं की नवीन पोरगी पुढे पण बोलते. आमच्याकडे एका नवीन मुलीने टाके घालायच्या आधी सांगितलं, "सर, एक मॉप कमी आहे." सर चिडले, मोजलेत म्हणाले, पण थांबले. मॉप बकेटमागे पडलेला सापडला, दहा मिनिटं गेली. पोटात नव्हता हे बरंच, पण ती गप्प बसली असती तर कुणी बघितलंच नसतं ना.

आणि एक, आम्ही "तुम्ही पाटील ना?" असं विचारायचं नसतं. घाबरलेला किंवा कमी ऐकू येणारा माणूस कशालाही हो म्हणतो, आणि एका दिवसाच्या लिस्टवर तीन पाटील सहज असतात. बाबांना परत कधी अ‍ॅडमिट केलं आणि कुणी असं विचारलं तर नुसतं हो म्हणू देऊ नका, पूर्ण नाव आणि बाजू त्यांच्या तोंडून सांगायला लावा.