इंदूरमध्ये आमच्या बिल्डिंगच्या गळक्या टाकीचा फोटो ‘चोर बिल्डर’ लिहून टाकला, तर ५० लाखांच्या अब्रुनुकसानीची नोटीस आली. पोस्ट काढावीच लागेल का?

नाही, वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. फोटो खरा असेल तर राहू द्या. मी इथेच जिल्हा न्यायालयात वकिली करतो, असले आकडे वसुलीसाठी नसतात, घाबरवायला असतात. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत अशा तोंडदाबू दाव्यांविरुद्ध खास कायदा आहे, आपल्याकडे नाही. पण मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने बजावलंय, की खटला चालण्याआधीच मजकूर हटवायचे आदेश ऊठसूट देऊ नयेत. मेख एकच: फौजदारीत (भारतीय न्याय संहिता, कलम ३५६) नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकहिताचंही लागतं. गळकी टाकी त्यात बसते, ‘चोर’ बसवणं अवघड. तेवढा शब्द आजच काढा. नोटिशीला उत्तर मात्र द्या, आणि लेखीच.