आधी पाहिलेलं लिही

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. वर्गात मुलांचा दवाखान्याचा खेळ रंगात आला होता, पेशंट झालेला मुलगा चटईवर डोळे मिटून पडला होता आणि तू जवळ बसून म्हणालीस, "डॉक्टर, किती गोळ्या दिल्यात? मोजून दाखवा बरं." डॉक्टर झालेल्या आपल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांचे मणी मोजले, पाच, अगदी बरोबर. मग नळी गळ्यातून काढून ठेवली आणि निघून गेल्या. पेशंट उठला. खेळ मोडला. आता तू मला विचारतेस, शिक्षिकेने मुलांच्या खेळात शिरावं की शिरूच नये?

याचं उत्तर तुझ्या वहीत असायला हवं होतं. वहीही तू सोबत पाठवलीस, म्हणून जरा रागावूनच लिहिते आहे. त्या दिवसाची नोंद अशी: "मुलं छान रमली. माझा हस्तक्षेप जास्त झाला. पुढच्या वेळी अधिक संवेदनशील राहीन." याला तू चिंतन म्हणतेस? ही माफी झाली, आणि ती कुणी मागितली नव्हती. मिटलेले डोळे, पाच मणी, काढून ठेवलेली नळी, यातलं काहीच वहीत नाही. पत्रात तू पाहिलेलं लिहिलंस, वहीत वाटलेलं. आधी पाहिलेलं लिही. वाटलेलं नंतर.

पेशंट किती वेळ पडून होता, सांग बघू. गोलात दोन मिनिटं बसत नाही म्हणून ज्याची तू मागच्या महिन्यात तक्रार केली होतीस, तोच ना हा? सोव्हिएत मानसशास्त्रात मानुइलेंको यांचा एक प्रयोग आहे. मुलांना नुसतं "हलू नकोस" असं सांगितलं तेव्हा ती जेवढा वेळ स्थिर राहिली, त्याहून कितीतरी जास्त वेळ पहारेकरी होऊन राहिली. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांनी १९३३च्या व्याख्यानात हेच मांडलं होतं: भूमिकेच्या पोटात नियम असतो, आणि खेळणारं मूल तो आपणहून पाळतं. पेशंटने हलायचं नसतं. तुझा तो चुळबुळ्या मुलगा हा नियम पाळत होता. पाचपर्यंत मोजणं डॉक्टरीणबाईंना कुठेही जमलं असतं. स्वतःला आवरणं त्याला तिथेच जमत होतं.

म्हणजे लांब राहायचं असं नाही. तू कण्हत दुसरी पेशंट होऊन रांगेत बसली असतीस, तर खेळ कदाचित वाढला असता. एखाद्या दिवशी नसताही वाढला. खेळ कुठे पोचलाय हे पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि आपण काय पाहिलं हे लिहिल्याशिवाय टिकत नाही.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. पिशवीत ठोकळे भरायचा, वर्गाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ओतायचा, पुन्हा भरायचा. तीन आठवडे हेच. मी प्रगतिपत्रकात लिहिलं, "खेळात सातत्य नाही." तीन आठवडे एकच काम करणाऱ्या मुलाबद्दल! वर्ष संपल्यावर कपाट आवरताना माझ्याच अक्षरातला एक कागद सापडला. चार दिवसांच्या चार ओळी, घाईत खरडलेल्या. चारही दिवस ठोकळे बाहुलीघराजवळ ओतले होते आणि चारही ओळींच्या शेवटी होतं: "बघत उभा." त्याला आत यायचं होतं. "मला घ्या" म्हणता येत नव्हतं, म्हणून तो काहीतरी घेऊन येत होता. मी कागदावर ते टिपलं आणि पुन्हा वाचलं नाही. तोवर माझा शेरा पुढच्या वर्गात पोचला होता. नव्या बाईंना तो मुलगा आधी माझ्या शब्दांत भेटला.

मी वर्गात एकटी होते, मुलं पस्तीस होती, पालकसभेत भरलेल्या कार्यपुस्तिका दाखवायच्या असत. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे आणि ते खरंही आहे. पण कागद माझ्याच अक्षरातला होता. त्यानंतर कोणत्याही मुलाच्या रकान्यात "उत्तम, मध्यम, कमी" यापैकी नुसतं काही मी भरलं नाही. सोबत नोंद जोडायचीच. वरिष्ठांनी हेकट म्हटलं, माझ्या मूल्यमापनात तसं लिहिलंही. लागलं मला ते. तरी नोंदी जोडत राहिले, आणि आजही तेच करेन.

वेळ नाही, हे तू लिहूच नकोस. मुलांचा खेळ पाहून त्याचे प्रकार पाडणाऱ्या मिल्ड्रेड पार्टन यांचं १९३२चं काम आठव. एकेका मुलाला एका वेळी एकच मिनिट पाहायचं, अशी पुन्हा पुन्हा घेतलेली मिनिटं. एकट्याचा खेळ, शेजारी-शेजारी चाललेला खेळ, मिळून खेळलेला खेळ ही आपली सगळी भाषा त्या मिनिटांतून आली. नुसतं बघत उभं राहणंही त्यांच्या यादीत आहे. मला ते पाठ होतं, परीक्षेत लिहिलं होतं. पिशवीवाल्या मुलासमोर आठवलं नाही.

प्रशिक्षणात तुम्हाला डोनाल्ड शॉन या अभ्यासकाने सांगितलेले चिंतनाचे दोन प्रकार शिकवतात, करता करता केलेलं चिंतन आणि केल्यानंतरचं चिंतन. सगळ्या नवशिक्यांना पहिलं हवं असतं, ऐन वेळी सुचायला हवं असतं. माझ्या अनुभवात ते केल्यानंतरच्या चिंतनाच्या सवयीतूनच येतं. त्यासाठी वहीत मुलाचे शब्द जसेच्या तसे हवेत, हात काय करत होते ते हवं, तू काय बोललीस आणि त्यानंतर लगेच काय झालं ते हवं. "आनंदी", "हट्टी", "रमली" हे शब्द महिनाभर वापरू नकोस. पाहिलेलं लिही. किती वेळा सांगू?

आणि स्वतःला दोष देणं थांबव. मोडलेला खेळ मुलं पुन्हा मांडतात, फक्त सामान जागेवर असू दे. चटई गुंडाळू नकोस, मणी गणिताच्या डब्यात परत टाकू नकोस. सोमवारी तू लांब बस, वही मांडीवर घे आणि तो पेशंट आधी कुठे जातो ते पाहा. काय दिसलं ते मला कळव. काय वाटलं ते पुढच्या पत्रात.

तुझी,
ताई